कुंडल, एंटर, सांगली: ओळी ओलांडून शोधायचं कसं

आजचा भाग थोडा टेक्निकल आहे, पण बंद करू नका. ज्यांना कोडिंग येतं त्यांना यातलं अर्धं माहीत असेल, ज्यांना येत नाही त्यांना उरलेलं अर्धं माहीत असेल, म्हणजे शेवटी हिशोब सारखाच. विषय आहे रेजेक्स, म्हणजे रेग्युलर एक्स्प्रेशन. त्यातलाही एकच कोपरा घेतोय: आपण जे शोधतोय ते एका ओळीत नसून दोन-तीन ओळींत पसरलेलं असेल, तर एडिटरला ते शोधायला कसं लावायचं.

एक सूचना आधीच देतो. हा ऑडिओ आहे, म्हणून पॅटर्न मी तोंडी सांगणार. ‘बॅकस्लॅश एस’ म्हटलं की उलटी तिरपी रेघ आणि तिला चिकटून इंग्रजी छोटा एस. ‘बॅकस्लॅश एन’ म्हटलं की तसाच छोटा एन. पॅटर्नमधले आकडे इंग्रजी कीबोर्डवरूनच टाइप करायचे, मराठी आकडे दिलेत तर एडिटर रुसतो. गाडी चालवत ऐकत असाल तर नुसतं ऐका, टाइप घरी जाऊन करा.

आता हे डोक्यात कुठून आलं ते सांगतो. मी कुंडलचा. तालुका पलूस, जिल्हा सांगली. रेल्वेने आलात तर किर्लोस्करवाडीला उतरायचं. त्या स्टेशनचं जुनं नाव कुंडल रोड. १९१० मध्ये किर्लोस्करांनी तिथल्या माळावर कारखाना आणला आणि पुढे स्टेशनला वाडीचं नाव लागलं. आमचं गाव इतिहासात आहे ते मात्र दुसऱ्या कारणाने. बेचाळीसच्या चळवळीनंतर सातारा भागात प्रतिसरकार उभं राहिलं, त्याचं कुंडल हे एक मोठं केंद्र होतं. क्रांतिसिंह नाना पाटील, जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी ही नावं तुम्ही शाळेत नाही तर निदान चौकातल्या फलकावर तरी वाचली असतील. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ सरकारी पगाराची रक्कम नेणारी रेल्वे तुफान सेनेने अडवली, त्यात पुढे होते बापू लाड आणि कॅप्टन भाऊ. कॅप्टन भाऊंचं पूर्ण नाव रामचंद्र श्रीपती लाड. २०२२ साली ते गेले. पी. साईनाथांच्या ‘द लास्ट हिरोज’ या पुस्तकात त्यांच्यावर प्रकरण आहे.

ही झाली मोठी नावं. पण प्रतिसरकार काही पाच-सहा माणसांनी चालवलं नाही. भाकरी पोचवणारे होते, निरोप नेणारे होते, रात्री दार उघडणारे होते. चळवळ भूमिगत, म्हणजे कागदावर शक्य तितकं कमी ठेवायचं हाच नियम. या लोकांची नावं नंतर छापली गेली ती तुकड्यातुकड्यांत: कुठल्या तरी समारंभाची स्मरणिका, गौरवग्रंथ, पुण्यतिथीची पुस्तिका, यादी. अशी कागदपत्रं आम्ही गावातली काही पोरं सवड मिळेल तशी जमवतो. मोबाईलने फोटो, मग ओसीआर. गुगल ड्राइव्हवर फोटो टाकून तो गुगल डॉक्समध्ये उघडला की मराठी मजकूर बऱ्यापैकी निघतो. टेसरॅक्ट नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यालाही मराठी येतं. निघालेला मजकूर साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेवायचा आणि त्यात शोधायचं. आणि शोधायला बसलं की मजा सुरू होते.

पहिली मजा म्हणजे आमच्या गावाचं नाव. ‘कुंडल’ टाकून शोधलं की कर्णाची कवचकुंडलं येतात, ज्योतिषाची कुंडली येते, योगवाल्यांची कुंडलिनी येते, नांदेड जिल्ह्यातली कुंडलवाडी येते. गाव येतं, पण रांगेत मागे. मग ज्याला थोडं रेजेक्स येतं तो म्हणतो, सोपं आहे, शब्दाच्या दोन्ही बाजूंना बॅकस्लॅश बी लाव. बॅकस्लॅश बी म्हणजे शब्दाची हद्द, इंग्रजीत छान चालतं. व्हीएस कोडमध्ये ‘कुंडल’च्या दोन्ही बाजूंना ते लावून बघा. उत्तर शून्य. पूर्ण फाइलमध्ये कुंडल हा शब्दच नाही म्हणे! कारण व्हीएस कोडचं रेजेक्स जावास्क्रिप्टचं आहे आणि जावास्क्रिप्टच्या लेखी ‘शब्दातलं अक्षर’ म्हणजे इंग्रजी अक्षर, अंक आणि अंडरस्कोर. देवनागरी अक्षर तिच्या हिशोबी शब्दात मोडतच नाही, मग हद्द कुठली?

पायथनमध्ये वेगळी गंमत. तिथे क, ड, ल ही अक्षरं मानली जातात, पण उकार, अनुस्वार, वेलांटी हे अक्षर मानलं जात नाही. त्यामुळे तिथल्या नेहमीच्या रेजेक्सला ‘शब्द तोडून दे’ म्हटलं तर कुंडलचे दोन तुकडे होतात: क आणि डल. मराठी माणसाला हे वाचून हसू येतं, पण असल्या तुकड्यांवर लोकांनी शब्द मोजलेत.

मी काय करतो ते सांगतो. गावच हवं असेल तर ‘कुंडल’ लिहून पुढे अट घालतो की लगेच मात्रा नको. ती अट अशी: गोल कंस, प्रश्नचिन्ह, उद्गारचिन्ह, बॅकस्लॅश छोटा पी, महिरपी कंसात कॅपिटल एम, गोल कंस बंद. कॅपिटल एम म्हणजे मार्क, युनिकोडमध्ये आपल्या काना-मात्रा-वेलांट्या या वर्गात येतात. एवढ्याने कुंडली, कुंडलं, कुंडलिनी गेल्या. कुंडलच्या, कुंडलला, कुंडलमध्ये राहिले, कारण तिथे ल नंतर मात्रा येत नाही. कुंडलवाडी राहते, तिला हाताने वगळायचं. एका गावासाठी एवढं चालतं.

इथवर सगळं एका ओळीतलं. खरी अडचण पुढे आहे.

छापील पानावर ओळ संपते ती जागा संपते म्हणून. ओसीआर मात्र प्रत्येक छापील ओळीच्या शेवटी प्रामाणिकपणे एंटर मारतो. स्मरणिकांमध्ये याद्या दोन-दोन, तीन-तीन रकान्यांत छापलेल्या असतात, रकाना अरुंद, आणि आपली नावं तीन मजली: स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, मग आडनाव. ‘रामचंद्र’ एका ओळीत, ‘श्रीपती लाड’ दुसऱ्या ओळीत, ‘मु. कुंडल’ तिसऱ्या. आता शोधा ‘रामचंद्र श्रीपती लाड’. शून्य. डोळ्याला समोर दिसतंय आणि एडिटर म्हणतो नाही. एडिटर खोटं बोलत नाहीये बरं का. रामचंद्रच्या पुढे स्पेस आहे का, असं आपण विचारलं. तिथे स्पेस नाही, एंटर आहे. माणसाला दोन्ही सारखेच, मशीनला ती दोन वेगळी अक्षरं.

हे असं का, याला एक इतिहास आहे आणि तो मला फार आवडतो. स्टीफन क्लीनी या गणितज्ञाने १९५० च्या दशकात रेग्युलर एक्स्प्रेशनची कल्पना मांडली, कागदावर. केन थॉम्पसनने ती एडिटरमध्ये आणली, १९६८ मध्ये त्यावर शोधनिबंध छापला. पुढे युनिक्सचा एडिटर आला, त्याचं नाव ‘ईडी’. त्या काळी स्क्रीन नव्हते, टेलिटाइप होते, म्हणजे कागदावर खडखड करत छापणारं मशीन. पूर्ण पान दाखवायची सोयच नाही, म्हणून एडिटर एकेका ओळीवर काम करायचा: ही ओळ छाप, ही पूस, ही बदल. त्यात एक हुकूम होता: जी, स्लॅश, आर-ई, स्लॅश, पी. म्हणजे संपूर्ण फाइलभर हा पॅटर्न शोध आणि ज्या ओळीत सापडेल ती ओळ छाप. तीच अक्षरं सलग वाचा. ग्रेप! बेल लॅब्समधल्या ली मॅकमहॉन या सहकाऱ्याला ‘फेडरलिस्ट पेपर्स’ तपासायचे होते. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या बाजूने १७८७-८८ मध्ये टोपणनावाने लिहिलेले ८५ लेख, त्यातला कुठला कुणी लिहिला हा वाद. ईडीच्या मेमरीत तो मजकूर मावेना. मग थॉम्पसनने एडिटरमधला शोधायचा भाग बाहेर काढून वेगळा प्रोग्रॅम केला, जो एक ओळ वाचतो, तपासतो, सोडून देतो. १९७३ पासून ग्रेप युनिक्समध्ये आहे. तेव्हाच्या छोट्या मेमरीत मोठी फाइल बसवायचा तो हुशार मार्ग होता.

पण ‘एका वेळी एक ओळ’ ही मेमरीची तडजोड पुढच्या सगळ्या हत्यारांची सवय बनली. रेजेक्समधला टिंब, म्हणजे ‘कुठलंही एक अक्षर’, हा आजही बहुतेक ठिकाणी एंटर सोडून कुठलंही अक्षर असाच असतो. त्याच बेल लॅब्समधल्या रॉब पाइकने १९८७ मध्ये लिहिलं की मजकुराचे तुकडे ओळीनेच का पाडायचे, ते कसे पाडायचे हेही रेजेक्सलाच ठरवू द्या. त्याने तसा ‘सॅम’ नावाचा एडिटरही केला. जगाने फार मनावर घेतलं नाही.

आपल्याकडे तर ओळीला इतका मान कधीच नव्हता. मोडी लिहिणारे कारकून आधी पानभर आडव्या रेघा ओढायचे आणि मग त्यांना अक्षरं लटकवत जायचे. दोन शब्दांत जागा सोडायची पद्धत नाही, विरामचिन्हं नाहीत, ओळ संपली की शब्द अर्ध्यात असला तरी पुढच्या ओळीत. वाचणाऱ्याला कळतं ना, मग झालं. ओळीची शिस्त यंत्राने आणली.

असो. कामाचं बोलू.

एक तुकडा पाठ करा, त्याला मी ‘सांधा’ म्हणतो. चौकोनी कंस, त्यात सगळ्यात आधी हायफन, मग बॅकस्लॅश एस, मग बॅकस्लॅश एन, कंस बंद, आणि त्याला लागून स्टार. अर्थ: इथे हायफन, स्पेस, टॅब किंवा एंटर, यातलं काहीही, कितीही वेळा, किंवा अजिबात नाही. हायफन आधी लिहायचं कारण मध्ये लिहिला तर त्याचा अर्थ ‘पासून पर्यंत’ असा होतो.

जाणकार म्हणतील, बॅकस्लॅश एसमध्ये एंटर येतोच की, मग बॅकस्लॅश एन वेगळा कशाला? बरोबर आहे, कागदावर येतो. पण व्हीएस कोडची खोड अशी की पॅटर्नमध्ये बॅकस्लॅश एनसारखी एंटरची उघड खूण दिसली तरच तो ओळी ओलांडून शोधायला तयार होतो. नुसत्या बॅकस्लॅश एसवर तो ओळीच्या आतच फिरतो आणि शून्य देतो. म्हणून एन लिहायचाच. इतर एडिटरमध्ये तो जास्तीचा होतो, पण काही बिघडत नाही. आणि हो, शोधायच्या चौकटीत उजवीकडचं टिंब-स्टारचं बटण दाबलेलं पाहिजे, नाहीतर रेजेक्स चालूच होत नाही.

आता लिहा: रामचंद्र, सांधा, श्रीपती, सांधा, लाड. तीन ओळींत असो, एका ओळीत असो, ओसीआरने स्पेस खाऊन ‘श्रीपतीलाड’ केलेलं असो, सगळं सापडतं. स्टारच्या ऐवजी प्लस वापरला असता तर हे शेवटचं निसटलं असतं.

प्रतिसरकारचं घ्या. हा शब्द छापील कागदांत किती तऱ्हांनी येतो! प्रतिसरकार, प्रति सरकार, प्रति-सरकार, प्रती सरकार, पत्रीसरकार, पत्री सरकार. पॅटर्न असा: (पत्री|प्रति|प्रती), मग सांधा, मग सरकार. मधली उभी रेघ म्हणजे ‘किंवा’. एका फटक्यात सहाही रूपं, आणि ‘प्रति-’ ओळीच्या शेवटी अडकून ‘सरकार’ खाली गेलेलं असलं तरी. तुफान सेनेचं तसंच: (तुफान|तूफान|तुफानी), सांधा, सेना.

कधी शब्दच मधून तुटतो. ‘कुं-’ वर आणि ‘डल’ खाली. छापखान्यात हे सर्रास व्हायचं. तेव्हा कुं, सांधा, डल. जुन्या मजकुरात ‘कुण्डल’ असंही लिहिलेलं असतं, आणि ओसीआर कधी अनुस्वाराचा ठिपका कागदावरचा डाग समजून गाळतो. मग ‘कुं किंवा कुण् किंवा कु’ असा कंस करून पुढे सांधा आणि डल.

नाव सापडलं की पुढचा प्रश्न गावाचा, आणि इथे आमच्या भागाची स्वतःची भानगड आहे. स्वातंत्र्याआधी कुंडल होतं औंध संस्थानात. १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं. १९४९ मध्ये सातारा जिल्ह्याचे दोन भाग झाले, आम्ही दक्षिण साताऱ्यात. १९६० मध्ये दक्षिण साताऱ्याचं नाव सांगली झालं. पलूस तालुका तर अलीकडचा. गाव जागचं हललं नाही, पत्ता चार वेळा बदलला. त्यामुळे ‘कुंडल, जि. सांगली’ एवढंच शोधणाऱ्याला १९५० च्या दशकातली पुस्तिका काहीच देणार नाही. आणि पत्ता म्हटला की तो दोन ओळींत असणारच.

यासाठी दुसरा तुकडा, त्याला मी ‘खिडकी’ म्हणतो. चौकोनी कंसात बॅकस्लॅश छोटा एस, बॅकस्लॅश कॅपिटल एस, बॅकस्लॅश एन. छोटा एस म्हणजे रिकामी जागा, कॅपिटल एस म्हणजे रिकामी नसलेलं सगळं, दोन्ही मिळून अक्षरशः काहीही. कंस बंद करून लगेच महिरपी कंस, त्यात शून्य, स्वल्पविराम, एकशेवीस. महिरपी कंस बंद, आणि शेवटी प्रश्नचिन्ह. अर्थ: मध्ये काहीही असू दे, पण एकशेवीस अक्षरांच्या आत, आणि त्यातही लवकरात लवकर संपव. मग पूर्ण पॅटर्न: कुंडल, खिडकी, (औंध|सातारा|सांगली).

खिडकीला चौकट का हवी ते सांगतो. एका ओळीत शोधताना टिंब-स्टार वाटेल तसा वापरला तरी ओळ संपली की तो थांबतो. ओळींची भिंत पाडलीत की अडवायला कुणी नाही. स्टार मुळात हावरा आहे. चौकट नसलेला पॅटर्न पहिल्या पानावरच्या कुंडलपासून शेवटच्या पानावरच्या सांगलीपर्यंत अख्खं पुस्तक एका घासात गिळतो आणि म्हणतो, हे घ्या, एक सापडलं. प्रश्नचिन्ह लावून हावरेपणा कमी होतो, पण तेवढंही पुरत नाही: कुंडल तिसऱ्या पानावर, सांगली चाळिसाव्या पानावर, तरी तो जोडणारच. म्हणून आकडा. शिवाय मोकाट पॅटर्न कॉम्प्युटरला दमवतोही. २ जुलै २०१९ ला क्लाउडफ्लेअरच्या एका नियमातल्या अशाच मोकाट टिंब-स्टारने त्यांचे सर्व्हर जगभर अर्ध्या तासाच्या आसपास गुदमरले होते. आपली स्मरणिका तेवढी मोठी नाही, पण फोन गरम होतो.

आकडा किती ठेवायचा? तुम्हाला वाटतं त्याच्या दीडपट. कारण मशीन मात्रा वेगळ्या मोजतं. ‘कुंडल’ आपल्याला तीन अक्षरं, मशीनला पाच: क, उकार, अनुस्वार, ड, ल.

आता जे सांगतो ते मागच्या दिवाळीतलं. आमच्या गल्लीत एक आक्का आहेत, वय ऐंशीच्या पुढे. त्यांना कळलं की आम्ही जुनी पुस्तकं फोनमध्ये घालतोय. आल्या आणि म्हणाल्या, “आरं, माज्या सासऱ्याचं नाव हाय का बग की त्यात. सगळी म्हणत्यात व्हतं म्हणून, म्या काय बघितलं न्हाई.” त्यांच्या नातवाने त्या फाइलमध्ये आधीच शोधून सांगितलं होतं, आजी, नाही. आक्कांनी ते मान्यही केलं होतं. फोन नाही म्हणतो म्हणजे नसेल. म्हणूनच मी या सगळ्या तांत्रिक किरकिरीला एवढं महत्त्व देतो. शून्य हा आकडा फार ठाम दिसतो. त्या शून्यात दडलेला प्रश्न ‘ही अक्षरं याच क्रमाने, एका ओळीत, मध्ये एकच स्पेस ठेवून आहेत का’ असा असतो, हे ऐकणाऱ्याला कोण सांगणार?

नाव, सांधा, वडिलांचं नाव, सांधा, आडनाव: या पॅटर्नलाही काही मिळालं नाही. मग सांध्यांच्या जागी खिडक्या लावल्या. आडनाव आधी असेल तर, म्हणून उलटा क्रमही जोडला, कारण याद्यांत आडनाव पुढे यायची पद्धत आहेच. तीन जागा सापडल्या. एक दुसऱ्याच माणसाची, वडिलांचं नाव वेगळं. दुसरी स्मरणिकेच्या मागच्या पानावरची, देणगीदारांच्या यादीतली, म्हणजे पुढच्या पिढीतल्या कुणाची. तिसरी रकान्याच्या अगदी तळाला: नाव आणि वडिलांचं नाव पानाच्या शेवटच्या ओळीत, मग पान क्रमांक, मग पुढच्या पानाच्या डोक्यावर छापलेलं स्मरणिकेचं शीर्षक, आणि त्याखाली आडनाव. सांधा इथे का चालला नाही ते कळलं असेल, मध्ये फक्त एंटर नव्हता, अख्खं शीर्षक होतं.

स्कॅनचा फोटो काढून आक्कांना दाखवला. त्यांनी विचारलं ते मला फार आवडलं. “ह्ये आपल्याच गावचं हाय का? त्या नावाची मान्सं शेजारच्या गावात बी हायत.” बरोबर प्रश्न. पॅटर्न फक्त कुठे बघायचं ते सांगतो, हाच तो माणूस हे सांगत नाही. खालची ओळ वाचली, ‘मु. कुंडल’. आक्का म्हणाल्या, मोठं कर. दोन बोटांनी मोठं केलं. बराच वेळ बघितलं आणि फोन नातवाकडे देत म्हणाल्या, “ह्याला शिकीव ते.”

नातू आता माझ्यापेक्षा बरे पॅटर्न लिहितो. त्याने मला विचारलं की दरवेळी सांधे लावत बसण्यापेक्षा सगळे एंटर काढून फाइलच सरळ का करू नये? चांगली शंका आहे. करता येते. आधी ओळीच्या शेवटचा हायफन आणि एंटर काढून टाकायचा, मग जे एंटर एकटे आहेत त्यांच्या जागी स्पेस टाकायची, आणि जिथे दोन एंटर लागोपाठ आहेत, म्हणजे परिच्छेद बदलतोय, ते ठेवायचे. लेखांसाठी हे झकास. यादीसाठी मात्र घात. यादीत एंटर हीच दोन माणसांमधली भिंत असते. ती काढली की एकाचं आडनाव दुसऱ्याच्या नावाला चिकटतं आणि तुम्हाला कधीच न जन्मलेला स्वातंत्र्यसैनिक सापडतो. आणि हायफन काढताना खरा ‘प्रति-सरकार’सुद्धा ‘प्रतिसरकार’ होतो, लेखकाने कसं लिहिलं होतं ते पुसलं जातं. माझं मत असं: ओसीआरमधून आलेली फाइल जशीच्या तशी ठेवा, सरळ केलेली प्रत वेगळ्या नावाने ठेवा, आणि सापडलेलं प्रत्येक नाव फोटोवर जाऊन बघा. दोन-तीन रकान्यांचं पान असेल तर फोटो आधी रकान्यांप्रमाणे कापा. ओसीआर कधीकधी रकाने आडवे वाचतो, डावीकडचं नाव आणि उजवीकडचं आडनाव एका ओळीत. त्यावर कुठलंच रेजेक्स चालत नाही.

आम्ही आणखी एक करतो. नोंदवहीत नुसतं ‘नाव नाही’ असं लिहीत नाही. कुठल्या फाइलमध्ये, कुठल्या पॅटर्नने शोधलं ते लिहितो. पुढच्या पोराला कळतं की अजून काय करून बघायचं राहिलंय.

आता पटकन हत्यारं. नोटपॅड प्लस प्लस वापरत असाल तर शोधायच्या खिडकीत रेग्युलर एक्स्प्रेशन निवडल्यावर ‘टिंब एंटरलाही जुळवा’ अशा अर्थाचा एक चौकोन असतो, त्यावर टिक केली की टिंब ओळी ओलांडतो. विम वापरणाऱ्यांना बॅकस्लॅश, अंडरस्कोर, एस: म्हणजे रिकामी जागा किंवा एंटर. तुमच्यातले बरेच जण फोनवालेच आहात, तर अँड्रॉइडवर टर्मक्स टाका आणि त्यात रिपग्रेप. त्याला हायफन कॅपिटल यू दिला की तो ओळी ओलांडतो. शिवाय मराठी मात्रांना तो शब्दाचा भाग मानतो, ही त्याची मोठी कृपा. टर्मक्समध्ये मराठी अक्षरं तुटकी दिसतात, घाबरू नका, दिसतात तुटकी पण शोध बरोबर होतो. काहीच टाकायचं नसेल तर ब्राउझरमध्ये ‘रेजेक्स वन-ओ-वन’ ही साइट उघडा, मजकूर खाली पेस्ट करा, पॅटर्न वर लिहा, जुळलेला भाग रंगतो. सरावाला ती सगळ्यात बरी.

एक राहिलंच, सालं. बॅकस्लॅश डी म्हणजे अंक, पण जावास्क्रिप्टला फक्त इंग्रजी अंक कळतात. आपल्या पुस्तकांत १९४३ देवनागरीत असतं. म्हणून चौकोनी कंसात [०-९] लिहायचं, आणि त्याच कंसात इंग्रजी शून्य ते नऊही, कारण ओसीआर मधूनच एखादा अंक इंग्रजीत टाकतो. आणि ‘ऱ्या’तला अर्धा र! शेतकऱ्यांनी, कार्यकर्त्यांनी यातला पहिला बघा. तो युनिकोडमध्ये दोन-तीन पद्धतींनी लिहिता येतो, दिसतो एकसारखा, शोधताना मात्र एकाला दुसरा सापडत नाही. त्यावर अख्खा भाग होईल, पुढच्या वेळी तोच घेऊ. तोवर घरात एखादी जुनी स्मरणिका पडली असेल तर फोटो काढून ठेवा, दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत जायच्या आधी. चला, भेटू.